अडलेला दोरा

शिंप्याच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि शिंप्याला पहिला चष्मा लागला, ते एकच वर्ष. लेक गेली ती दोन बॅगा घेऊन, आणि मागे ठेवून गेली एक मांजर. जावई माणूस लाखात एक, पण मांजर जवळ आलं की त्याला धाप लागायची. लग्नाआधी तो बिचारा तीनदा घरी येऊन मांजराला मांडीवर घेऊन बसला आणि तिन्ही वेळा नाक-डोळे पुसत परत गेला.

मांजराचं नाव चिंधी. कापलेल्या तुकड्यांच्या टोपलीत झोपायची म्हणून चिंधी. अंग करडं, पोट पांढरं, आणि उजव्या कानाला लहानपणच्या कुठल्याशा भांडणातली खाच.

निघताना लेक म्हणाली, "बाबा, हिला नुसतं सांभाळा असं मी म्हणत नाही. हिला काही झालं तर मला तेव्हाच्या तेव्हा सांगायचं. माझ्या जिवाला घोर नको म्हणून लपवायचं नाही. द्या शब्द."

"दिला," शिंपी म्हणाला.

खरं तर शिंप्याचं आणि चिंधीचं सूत कधी जमलंच नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार, त्यामुळे दोघं दिवसभर एकमेकांच्या नजरेसमोर असायची, पण लेक होती तोवर मांजर तिची होती. आता ती कोणाचीच नव्हती. पहिले आठ दिवस चिंधी दारापाशी बसून राहिली. नवव्या दिवशी शिंप्याला दया आली. ती शेपटी आपटत होती, ते बघून त्याला वाटलं, स्वारी खूश दिसते. त्यानं पुढे होऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. मनगटावर तीन ओरखडे उठले.

"हात दाखवून अवलक्षण!" बायको काजं करता करता हसली. "अहो, ती कुत्रा आहे का? शेपटी आपटते म्हणजे जवळ येऊ नका म्हणते."

"मग तसं तोंडानं सांगावं."

"सांगितलं की. तुम्ही ऐकलं नाहीत."

मग त्यानं दूध पाजून बघितलं. मांजर डोळे मिटून दूध पितं हे त्यानं जन्मभर ऐकलेलं. चिंधीही डोळे मिटून प्यायली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वाळूच्या घमेल्याची जी काही अवस्था झाली ती निस्तरताना शिंप्याचे डोळे उघडले. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, मोठ्या मांजरांना दूध पचत नाही बहुतेक वेळा. म्हण करणाऱ्यानं घमेलं साफ केलं नसणार."

शिंप्याला वाचून फारसं कळायचं नाही, बघून कळायचं. चाळीस वर्षं माणसांची अंगं बघत आलेला तो. कोणाचा उजवा खांदा उतरता आहे, कोण पोट आत ओढून माप देतो, हे गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच त्याला समजे. तसाच तो चिंधीकडे बघायला लागला. मशीन आणि कपाट यांच्यामध्ये एक अरुंद फट होती. चिंधी तिथे आली की आधी थांबायची, तोंड पुढे करायची, मिश्या दोन्ही बाजूंना टेकवायची आणि मगच आत शिरायची. एकदा ती झोपलेली असताना त्यानं हळूच टेप धरली. मिशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलं, मग तिच्या अंगाची रुंदी मोजली. जवळजवळ सारखं भरलं.

"अगं, ऐकलंस का," तो बायकोला म्हणाला, "हिची स्वतःची टेप आहे. तोंडावरच लावलेली."

त्या दिवसापासून त्याला तिच्याबद्दल आदर वाटू लागला. एक कसबी माणूस दुसऱ्याकडे बघतो तसा.

चिंधी इस्त्रीच्या टेबलावर बसून त्याच्याकडे टक लावून बघायची आणि मग सावकाश डोळे मिटायची, सावकाश उघडायची. लेकीनं सांगितलं, की हा तिचा विश्वास आहे, तुम्हीही तसंच करा. शिंपी करू लागला. एकदा कोटाचं माप द्यायला आलेले रेल्वेतले गार्डसाहेब ओरडले, "मास्तर, डुलक्या काढताय काय? बाही उलटी लावाल माझी!"

"डुलक्या नाहीत साहेब, बोलणं चाललंय."

"कोणाशी?"

शिंप्यानं टेबलाकडे बोट दाखवलं. गार्डसाहेबांनी पुढचं माप मुकाट्यानं दिलं.

पण खरी दोस्ती जमली ती दोऱ्यानं. काजाचा दोरा जाड असतो, मेण लावलेला, तुटता तुटत नाही. त्याचं हातभर लाल थोटूक शिंपी हवेत हलवायचा. चिंधी जमिनीला चिकटायची, मागचं अंग डावं-उजवं हलवायची आणि झेप घ्यायची. शिकार हाती लागली नाही की ती चिडते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून शेवटी तो दोरा सोडून द्यायचा. तिनं तो तोंडात धरून ऐटीत टोपलीकडे जावं, यात त्याला मोठं सुख वाटे.

"तोंडात घेऊ देऊ नका हो," बायको म्हणायची.

"अगं, चघळेल आणि टाकेल. मी काय दिवसभर तोंडात दोरा धरत नाही? गिळला का कधी?"

शिंप्यानं जन्मभर कोणाला दुसऱ्याच्या मापाचा कपडा शिवून दिला नव्हता. इथे मात्र त्यानं मांजराच्या तोंडाला स्वतःच्या तोंडाचं माप लावलं.

एका सोमवारी चिंधी जेवली नाही. पंजे पोटाखाली दुमडून, मान खांद्यात ओढून ती कोपऱ्यात बसून राहिली. शिंप्यानं पाठीवर हात ठेवला तर आतून गुरगुर ऐकू आली.

"बघ, गुरगुरतेय. मजेत आहे. एखादा दिवस लंघन केलं म्हणून काय झालं?"

मंगळवारी तिनं दोनदा पांढरा फेस ओकला आणि कपाटामागे जाऊन बसली. बायको म्हणाली, डॉक्टरकडे न्या. शिंपी म्हणाला, केसांचा गोळा असेल, लेकच सांगत होती. आणि हात लावला की अजून गुरगुरतेय ना? बुधवारी सकाळी त्यानं कपाट सरकवून तिला बाहेर काढलं, तर हनुवटी लाळेनं भिजलेली. तोंडाच्या कोपऱ्यातून नखभर लाल दोरा बाहेर आलेला.

आता चाळीस वर्षं ज्या बोटांनी सुई-दोऱ्यापलीकडे दुसरं काही केलं नाही, त्या बोटांना कुठलंही टोक लोंबताना दिसलं की काय करायचं ते डोक्याला विचारावं लागत नाही. शिंप्यानं चिमटीत धरून ओढला. बोटभर दोरा आला आणि अडला. त्यानं जरा जोर लावला. चिंधी अशी किंचाळली की रस्त्यावरचा माणूस थांबला.

बायकोनं येऊन त्याचं मनगट धरलं. "सोडा! अहो, सोडा आधी! अडलेला दोरा ओढायचा नाही. मला पहिल्या दिवशी कोणी शिकवलं हे? तुम्हीच ना?"

शिंप्यानं दोरा सोडला. चिंधीला टोपलीत घालून दोघं तशीच बाहेर पडली.

जनावरांची डॉक्टरीण दोन गल्ल्या सोडून बसायची. वयानं लेकीएवढी, केस वर बांधलेले, बाहीला कुत्र्याचे केस. तिनं चिंधीचं तोंड उघडलं, अंगठ्यानं खालून जीभ उचलली आणि शिंप्याला म्हणाली, "काका, इकडे या. बघा."

जिभेच्या मुळाशी लाल दोऱ्याचा वेढा बसला होता. एक टोक तोंडाबाहेर लोंबणारं, दुसरं घशात गेलेलं, आणि वेढ्यानं मांस कापत आणलं होतं.

"हिच्या जिभेवर बारीक काटे असतात, सगळे आत वळलेले. हाडावरचं मांस खरवडायला. दोरा एकदा त्यात अडकला की थुंकता येत नाही, फक्त गिळता येतो. वेढा इथे अडकला, बाकीचा पोटात गेला. आतडं तो पुढे ढकलायला बघतं, दोरा पुढे जात नाही, मग आतडंच दोऱ्यावर गोळा होत जातं."

"चुण्या पडतात," शिंपी म्हणाला.

"काय?"

"धावदोरा घालून एक टोक धरून ओढलं की कापडाला चुण्या पडतात. झालरीला घालतो आम्ही."

डॉक्टरीण क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. "अगदी तसंच. मला इतकं चांगलं सांगता आलं नसतं."

पण शिंप्याला ते कौतुक ऐकू आलं नाही. चुण्या पडलेलं कापड अजून ओढलं तर काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? दोरा मजबूत आणि कापड नाजूक असेल, तर कापड फाटतं.

"मी ओढला," तो म्हणाला. "सकाळी. बोटभर आला, मग अडला. तरी जरा जोर लावला मी."

बायको खाली बघत होती. डॉक्टरीण रागावली नाही. "सांगितलंत हे बरं केलंत. आता मी आधी त्या ओढण्यानं आतडं कुठे चिरलंय का ते बघेन. ताबडतोब पोट उघडावं लागेल. वाचेल असं मी सांगत नाही. न उघडता वाचणार नाही, एवढं नक्की."

"पण ती तर गुरगुरत होती हो. तीन दिवस."

"दुखतानाही गुरगुरतात, काका. आपण कण्हतो ना, तसं. आणि मांजर दुखणं दाखवत नाही. रानात जो आजारी दिसतो त्याला दुसरा खातो. म्हणून ती लपते. गुरगुर ऐकू नका, बसणं बघा."

बसणं तर त्यानं बघितलं होतं. पंजे दुमडलेले, मान ओढलेली. असं अंग आखडून कोणी माणूस दुकानात येऊन बसलं असतं, तर त्यानं माप घ्यायच्या आधी पाणी विचारलं असतं.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर बायको हळूच म्हणाली, "लेकीला आत्ता नका सांगू. काय ते एकदा कळू दे. नवी नवरी, कशाला तिच्या डोक्याला ताप."

शिंप्यानं लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं: दोरा कोणी दिला, तीन दिवस कोण थांबलं, शेवटी कोणी ओढला.

"बाबा," लेक म्हणाली, "मला तुमचा राग आलाय."

"येऊ दे."

"रडायला पण येतंय."

"ते पण येऊ दे. मी फोन धरून बसतो."

आणि तो बसला. तासाभरानं आतलं दार उघडलं तेव्हाही फोन त्याच्या कानालाच होता. डॉक्टरिणीनं पोटाला एक आणि आतड्याला दोन छेद घेऊन दोरा काढला होता. आतड्याच्या आतल्या बाजूला एका जागी घासल्याची रेघ उठली होती, पण आरपार गेली नव्हती. "आणखी एकदा ओढला असता तर गेलीच असती," ती म्हणाली. शिंप्यानं ते जसंच्या तसं फोनमध्ये सांगितलं.

चौथ्या दिवशी चिंधीला घरी न्यायला शिंपी दवाखान्यात आला. पोट भादरलेलं, मधोमध टाक्यांची रांग. शिंप्यानं चष्मा वर-खाली करून टाके तपासले.

"कसे आहेत?" डॉक्टरिणीनं विचारलं.

"हात चांगला आहे. तिसरा टाका जरा लांब पडलाय."

"तेव्हा तिनं श्वास घेतला, काका. तुमचं कापड श्वास घेत नाही."

शिंपी त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायला प्लास्टिकची कॉलर मिळाली होती. ती घातली की चिंधीच्या मिश्या सगळीकडून टेकायच्या, आणि सगळं जगच अरुंद झाल्यासारखी ती उलट्या पावलांनी चालत भिंतीवर आदळायची. शिंपी म्हणाला, काढा ती, मी अंगरखा शिवतो. डॉक्टरीण म्हणाली, जरूर शिवा, पण टाके झाकलेले राहिले पाहिजेत. पहिला त्यानं सुती कापडाचा शिवला, मापात चोख. घातल्याबरोबर चिंधी एका अंगावर आडवी पडली ती उठेचना.

"मेली की काय हो!" बायको धावली.

मेली नव्हती. अंगाला घट्ट काही लागलं की मांजर असंच गळून जातं. दुसरा त्यानं जुन्या बनियनच्या कापडाचा, ताणला जाणारा शिवला. तिसऱ्याला मागच्या पायांशी कट खोल घेतला आणि शेपटीखाली पुरती मोकळी जागा ठेवली. तो घालून ती उठली, चार पावलं चालली, घमेल्यात जाऊन आली आणि वाटीतलं मासळीचं पाणी प्यायली. गार्डसाहेब कोट न्यायला आले होते. ते म्हणाले, "मास्तर, माझ्या कोटाची ट्रायल दोनदाच आणि हिच्या अंगरख्याची तीनदा?"

"तुम्ही गप्प उभे राहता, साहेब."

दुकानात त्यानंतर थोटकं जमिनीवर पडली नाहीत. झाकणाचा डबा आला, आणि झाकण लावलंय का हे शिंपी उठता-बसता बघायचा. खेळायला त्यानं काठीला चामड्याची जाड पट्टी शिवून घेतली. खेळ संपला की काठी कपाटात. लेक महिन्यातून एकदा यायची आणि एकटीच यायची. आली की आधी वडिलांना विचारायची, "कशी बसते?" आणि शिंपी अगदी कोटाचं माप सांगावं तसं सांगायचा: मान किती बाहेर, पंजे कुठे, कान कुणीकडे.

आठ वर्षं गेली. लेकीला झालेली मुलगी शाळेत दुसरीत गेली, त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी चिंधी खिडकीत बसली होती. जेवली होती, पाणीही नेहमीपेक्षा जास्तच प्यायली होती, जवळ गेल्यावर गुरगुरलीसुद्धा. शिंप्यानं दोन मिनिटं तिचं बसणं बघितलं, मान बोटभर आत ओढलेली दिसली, तशी हातातली कात्री खाली ठेवली आणि तिला न्यायची पिशवी काढली. बायकोनं दुकानाचं दार ओढून घेतलं.

मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरीण म्हणाली, "काका, इतक्या लवकर कोणी घेऊन येत नाही. लोकांना कळतच नाही." लवकर कळलं म्हणून औषध-पाण्यावर आणखी अठरा महिने मिळाले. ते सगळे चिंधीनं इस्त्रीच्या टेबलावर काढले.

पुढच्या वर्षी, पावसाळा सरत आला असताना, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास चिंधी गेली. लेकीला त्याच मिनिटाला फोन गेला. शिंपी त्यानंतर तीन वर्षांनी, हिवाळ्यात वारला.