बिनबुडाचा डबा

हसू नका, मी बिनबुडाचा डबाच बोलतोय. वर निमुळता, खाली रुंद, दोन्हीकडून उघडा. अठ्ठावन्न साली राजापेठेतल्या बुधाजी लोहारानं मला घडवलं. नकाशा बघून तोसुद्धा म्हणाला होता, "साहेब, बूड काढाचं राहून गेलं वाटते. फुकटात लावून देतो!"

मला नेलं भातकुलीच्या वाटेवरच्या नाल्यावर. तिथं पूल होत होता. माझ्यासोबत काँक्रीट कालवायचं यंत्रही आलं, आणि घमेली वाहणाऱ्या बायांचे चेहरे उतरले. पंधरा जणींचं काम ते एकटंच करणार होतं. ओव्हरसियर बापूसाहेब म्हणाले, "या डब्याचं काम जी शिकेल, तिला मी ठेवून घेतो."

नत्थुजी मिस्त्रीनं मला पागोट्यावर चढवून नवरदेवाची ऐट मारली. सगळे खो खो हसले. पार्बताबाई तेवढी हसली नाही. नवरा गेलेला, दोन लेकरं तिच्याच हातावर. ती पुढं येऊन म्हणाली, "मले दाखवा जी."

ओला माल माझ्यात चार थरांत भरायचा, दर थराला सळईनं पंचवीस वेळा कोचायचं, मग मला सरळ वर उचलायचं. मोकळा झालेला ढीग दोन इंच खाली बसला, तर पाणी बरोबर; जास्त बसला, तर पाणी जास्त अन् पूल कच्चा. इंच काही तिला कळेनात. तिनं आपली बोटं लावून पाहिली अन् ओरडली, "म्हंजे माही तीन बोटं!" रोज भाकरीचं पीठ भिजवणाऱ्या बाईला पाण्याचा अंदाज काय शिकवायचा? आठवड्यात ती तयार झाली.

स्लॅबच्या दिवशी माल सरसर पसरावा म्हणून नत्थुजीनं यंत्रात बादलीभर पाणी जास्तीचं ओतलं. जन्माची सवय! पार्बताबाईनं मला उचललं, तर ढीग भसकन जमिनीला टेकला.

"नत्थुजीभाऊ, हा माल वर जानार नाही."

"तू मले शिकवून राहिली? तुले कामावर कोनं आनलं?"

"तुमीच आनलं. पन या पुलावरून माहेच लेकरं शाळेत जातीन. अन् मी नाही म्हनत, डबा म्हनून राहिला."

नत्थुजीनं मला हिसकून घेतलं, स्वतः भरलं, स्वतः उचललं. पुन्हा तेच! त्यानं मला पार्बताबाईकडं परत दिलं. मग हळूच म्हणाला, "फेका हा माल." काय सांगू, माझा पत्रा आनंदानं तापला.

आता पासष्ट साल. नत्थुजी, पार्बताबाई अन् मी, आम्ही तिघंही अकोल्याच्या कामावर आहोत. अंगाला पोचे पडलेत, पण माझी तक्रार नाही. काम झालं की मला धुऊन ठेवा, वाळलेला माल अंगावर राहू देऊ नका, एवढंच मागणं. पार्बताबाई चार नव्या बायांना तेच बजावत असते.

परवा एक नवा मिस्त्री मला पायानं सरकवत म्हणाला, "हे फुटकं भांडं कोनाचं?"

नत्थुजी कडाडला, "बूड नाही त्याले, पन बिनबुडाचं बोलत नाही तो! पयले मास्तरनीले विचार, मंग हात लाव."

मास्तरीण! पार्बताबाई खाली मान घालून मला पुसत राहिली, पुसलेलंच पुन्हा पुन्हा.