साहेबरावाचा टेंभा

मित्रांनो, इनामगावात घोडनदीकाठी एक जुनी चिंच आहे. तिच्या उंच फांदीला लटकलेलं आग्या मोहोळ म्हणजे मी. गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर चुकलात. मी रागानं बोलणार आहे.

मी म्हणजे कुणी एक नव्हे, हजारो माश्या मिळून मी. आमच्यात पुढारी नाही. राणी अंडी घालते, हुकूम सोडत नाही. चारदोन माश्या फुलोरा हुडकून येतात आणि पोळ्यावर नाचून दिशा सांगतात. बाकीच्या जाऊन बघतात, पटलं तर त्याही नाचतात. बहुतेकींचा नाच एक झाला की माझं ठरलं. बहात्तरच्या दुष्काळात असंच ठरवून मी दौंडला गेलो, आगगाडीच्या इंजिनांना पाणी भरायच्या टाकीखाली तगलो आणि पाऊस झाल्यावर परतलो.

दरसाल गावातले मध काढणारे म्हाळूआबा धूर करून वर चढायचे. मधाचा कांदा, म्हणजे पोळ्याचा मधानं भरलेला भाग, तेवढा कापायचे, पिल्लांच्या भागाला बोट लावायचे नाहीत. भला म्हातारा! पण चिंचेखालचा मळा साहेबरावाचा. त्यानं बियाण्यासाठी कांदा लावला होता. पांढरे गोंडे फुलले, माझ्या माश्या त्यांवर तुटून पडल्या, आणि ह्या शहाण्याला वाटलं, माश्या बी खाताहेत!

"येडेपणा करू नगा, साहेबराव," आबा म्हणाले. "माशी बसती म्हनून तर बी धरतं."

"तुमाला मध पायजे, म्हनून बोलताय आबा. हितं माजं समदं पीक चोखून चाललंय!"

त्याच दुपारी त्यानं घोंगडं पांघरलं, रॉकेलचा टेंभा पेटवला आणि मला लावला. मेण वितळलं. पिल्लं जागच्या जागी जळाली. हरामखोर!

उरलेल्या माश्या बाभळीला लटकल्या. मला तर त्याला सोलून काढायचं होतं. पण डंख मारला की माशीही मरते, आणि उरल्या होत्या निम्म्याच. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा एकच नाच सुरू झाला, दौंडच्या बाजूचा. ठीक आहे, मी म्हटलं, ह्याला डंखाशिवायच मारू. सकाळी त्याच्या मळ्यात एक माशी उरली नाही.

पुढच्या साली परतलो तेव्हा खाली आबा कुणाला तरी सांगत होते, "सायेबरावानं गोंडे चोळले तर निस्तं फोलपट. पसाभर बी घावलं न्हाई." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

साहेबरावानं पुन्हा कांदा लावला. माझ्या माश्या त्याच्या डोक्यावरून नदीपार जात राहिल्या. एकदा तो चिंचेखाली हात जोडून उभा राहिला. "चुकलो रं बाबांनो, बसा की आता." मी ऐकलं. माश्या नदीपारच गेल्या.

मित्रांनो, जाळण्याआधी जाणत्याचं ऐकत जा. जळलेलं पोळं पुन्हा बांधता येतं, पिल्लं परत येत नाहीत. त्या सालची एकही माशी आज माझ्यात जिवंत नाही, तरी राग जिवंत आहे. ह्या उन्हाळ्यात साहेबराव चिंचेखाली पाण्याची परात भरून ठेवतो. पाणी आम्ही पितो. त्याच्या फुलावर अजून बसलेलो नाही.