सातव्या कपाटातली तेवीस पुस्तके

"कातडी म्हंजी कशाची, अण्णा?" नाथाजीने विचारले, आणि सांगलीतल्या आमच्या ग्रंथसंग्रहात अकरा वर्षे सुखाने नांदणारा एक शब्द उघडा पडला.

धनपाल अण्णा आमचे ग्रंथपाल. सातव्या कपाटातल्या तीनशे बारा जुन्या पुस्तकांसाठी त्यांनी वहीत 'बांधणी' असा रकाना पाडला होता. पहिल्या ओळीला 'कातडी' आणि खाली तीनशे अकरा वेळा 'सदर'. कारण साधे होते. अण्णांना कातड्याला हात न लावण्याचे व्रत होते. पायात बारा महिने रबरी चपला. एका जुन्या संस्थानी कारभाऱ्याच्या घरून ही पुस्तके देणगीत आली, हमालांनी ती कपाटात लावली, अण्णांनी लांबून पाहून वहीत चढवली आणि कुलूप लावले. कागद त्यांना चालत होता, पण कागदापर्यंत पोचायला पुठ्ठा उघडावा लागतो.

मी तिथली कारकून. टाइपरायटर माझ्याकडे आणि जडवस्तूंची वहीही. खुर्च्या, पेन्सिली, फडकी. कोण काय नेतो आणि कशा अवस्थेत परत आणतो एवढे बघितले की माणसाबद्दल वेगळी चौकशी करावी लागत नाही.

नाथाजी त्र्याहत्तर साली शिपाई म्हणून आला. मूळचा कोरेगावचा. बापाने जन्मभर मोटा शिवल्या आणि विहिरींवर इंजिने आली तसा हा फौजेत गेला, खेचरांच्या तुकडीत खोगिरे शिवायला. सतरा वर्षांनी परतला तेव्हा सातवीपर्यंतचे वाचन, पितळी बक्कल आणि सगळे चकचकीत ठेवायची खोड एवढे घेऊन आला. बायको बनुबाई कोरेगावात दिराकडेच होती. लग्नाला वीस वर्षे झाली होती. एकत्र राहणे सगळे मिळून तीन वर्षांचे भरत नव्हते. हा हिशेब त्यानेच मला सांगितला, आणि हसून सांगितला.

तर अण्णांनी चष्मा वर केला. "तुला कळतं होय रे, कशाची ते?"

"त्यात काय. ही शेळी." त्याने एका पुस्तकाच्या पाठीवर अंगठा फिरवला. "केसाची भोकं बगा, रांगंत हायती. ही मेंढी. हिचा पापुद्रा सुटतोय. ह्ये वासरू, गालावानी गुळगुळीत. तुमी समद्यास्नी एका दावणीला बांदलंय."

अण्णा त्या दिवशी जेवायला घरी गेले नाहीत. ग्रंथवर्णनाचे एक जाड इंग्रजी पुस्तक त्यांनी कधीकाळी मुंबईहून मागवले होते आणि पाठ केले होते. ते दुसऱ्या दिवशी टेबलावर आले आणि शिकवणी सुरू झाली. अण्णा बांबूची फुटपट्टी घेऊन हातभर लांब उभे राहायचे. पट्टीचे टोक दाखवायचे, नाथाजी उघडायचा. पाठ, कोपरे, शिवण. पुठ्ठ्याच्या आतला रंगीत लाटांचा अबरी कागद. पाठीवरचे सोनेरी ठसे. अण्णांना सगळ्याची नावे ठाऊक होती आणि स्पर्श एकाचाही नव्हता. नाथाजीचे नेमके उलटे. दोघांचा मिळून एक सूचीकार होत होता, आणि त्या एकाचे भांडण दिवसभर चालायचे.

नाथाजीने पहिल्या कार्डावर 'लय झ्याक बांधणी' असे लिहिले. अण्णांनी ते फाडले.

"झ्याक हे पुस्तकात नसतं, तुझ्या डोक्यात असतं. दिसतं ते लिही. मुळात काय होतं ते आधी, मागनं कुणी काय केलं ते नंतर. कधी केलं, कुणी केलं, कळलं तर तेही."

वर्षभरात नाथाजी असा तयार झाला की शाईचा डाग दिसला तरी त्याची लांबी मोजायचा. माझ्या टेबलाचीही त्याने नोंद करून दाखवली: 'सागवानी, डावा पाय मागाहून बसवलेला, सुताराचे लक्ष नसताना.' अण्णांनी विश्वस्तांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. अध्यक्ष नानासोंनी अट घातली. पुण्याचे तपासनीस येतील, पहिली पन्नास कार्डे बघतील. पसंत पडली तर नाथाजी सूची-साहाय्यक, कायम, आणि मागच्या दोन खोल्या राहायला. नाथाजीने त्या खोल्यांना स्वतःच चुना लावला आणि कोरेगावला पत्र टाकले. मी म्हटले, थोडे थांबायचे. तो म्हणाला, ती वीस वर्सं थांबलीया की.

एकोणिसाव्या कार्डाला गाडी अडली. शेळीचे कातडे, बांधणी पक्की. अण्णांचा तर्क होता की पाठीवर सोनेरी नाव हवे. नाथाजीला ते दिसेना. त्याने पुस्तक खिडकीपाशी नेले, तिरपे धरले, नखाने चाचपले. तपकिरी थराखाली अक्षरांचे खळगे होते. मग पुस्तक ठेवून खाली पाणी प्यायला गेला आणि तासभर वर आला नाही.

मला कळले होते. त्याला नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा नानासोंची भेट ठरली होती. नाथाजीने कुणाला न विचारता सातव्या कपाटाचे कुलूप काढून वरचा कप्पा, तेवीस पुस्तके, बुटाच्या पॉलिशने घासून लखलखीत केली. फौजी खोड. नानासो खूश झाले. अण्णांना हातच लावायचा नव्हता, त्यांना काय कळणार? माझ्याकडे मात्र दोन फडकी तपकिरी होऊन परत आली. मी वहीत लिहिले, 'फडकी दोन, बाद', आणि गप्प बसले.

संध्याकाळी त्याने आधीची अठरा सुधारून आणि उरलेली लिहून, तेवीस कार्डे माझ्यापुढे टाइप करायला ठेवली. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ होती: 'सोनेरी ठसा बुटाच्या पॉलिशखाली बुजलेला. पॉलिश १९७३ साली लावले. लावणारा नाथाजी, शिपाई.'

मी दार लोटून घेतले. म्हटले, शेवटची ओळ काढू. 'कालौघात काळवंडलेले' असे लिहू, कुणी विचारणार नाही. दोन खोल्यांची आठवण दिली. बनुबाईंचीही दिली, मी तेवढी वाईट आहे.

"ताई," तो म्हणाला, "खेचर मेलं तर कशानं मेलं ते लिवावं लागतंय. न्हाईतर दुसरं बी त्यानंच मरतंय."

मी कार्डे टाइप केली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी ती वाचली, तेवीसच्या तेवीस. नाथाजी समोर सावधानमध्ये उभा होता. अण्णा चिडतील, निदान फुटपट्टी आपटतील असे मला वाटले. त्यांनी कार्डे पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि म्हणाले, "सतराव्यात कसरीची भोकं लिहिलीत, ती कधीची ते लिहिलं नाही."

"त्ये काय म्हाईत न्हाई, अण्णा."

"मला माहीत आहे." त्यांनी पेन उघडले आणि कार्डाखाली सावकाश लिहिले: 'हे कपाट १९६२ ते १९७३ उघडले नाही. कसर त्या काळातली. न उघडणारा धनपाल, ग्रंथपाल.' मग पेन माझ्याकडे न देता टेबलावर मधोमध ठेवले आणि खिडकीबाहेर बघू लागले. फडक्यांची गोष्ट त्यांना कुणी सांगितली ते मला आजही ठाऊक नाही. बहुधा माझीच वही. मी माझी ओळ लिहिली: 'पॉलिशची फडकी १९७३ सालीच पाहिली. न सांगणारी कारकून.'

पुण्याचे तपासनीस आले तेव्हा चहा नाथाजीनेच नेला. कार्डे वाचता वाचता त्यांनी विचारले, हे नाथाजी कोण. "मीच जी," म्हणत त्याने कप ठेवला. साहेबांनी त्याला बसायला सांगितले आणि शेळी-मेंढीची भोके पुन्हा दाखवून घेतली. नानासोंना ती तेवीस कार्डे संस्थेची बेअब्रू वाटत होती, ती बदलून घेऊ म्हणाले. साहेब म्हणाले, बदललीत तर बाकीच्या सत्तावीस कार्डांवर मी विश्वास का ठेवू? नेमणूक झाली.

बनुबाई पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर आल्या. एक ट्रंक, एक स्टोव्ह. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन वर आल्या आणि मला म्हणाल्या, ह्यांचं नाव कंच्या पुस्तकात हाय ते दावा. मी पुस्तकात नाही, कार्डावर आहे म्हणून सांगितले, आणि एकोणीस नंबर काढून दिला. काय लिवलंय, विचारल्यावर तेही वाचून दाखवले. त्या जराही चपापल्या नाहीत.

"म्हंजी हितं खाली सोनं हाय?"

"आहे. तुमच्या मालकांनी झाकलं."

त्यांनी पुस्तक मांडीवर घेतले, पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि पाठीवर हळूच घासू लागल्या. घरातले तांब्याचे भांडे घासावे तशा. पलीकडच्या टेबलावर नाथाजी दोनशे चाळिसावे पुस्तक मोजत होता. त्याने मान वर केली नाही.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हाय तसं लिवलंय."

बनुबाईंनी पदर सोडवला. बोट मात्र बराच वेळ तिथेच, त्या न दिसणाऱ्या अक्षरांवर फिरत राहिले.