डोलकाठीच्या बुंध्यातली देवी

“गप्प बसा रे! ऐकू येतंय?” तोमेझोने हातातला भाताचा गोळा खाली ठेवला.

“तुझं पोट ओरडतंय, दादा,” कामेमात्सु म्हणाला. “त्याला मुळ्याचं लोणचं दे, गप्प होईल.”

सगळे हसले. पण हसू लवकरच ओसरलं, कारण आवाज खरंच येत होता. डोलकाठीच्या बुंध्याकडून. चिन्, चिन्, चिन्. रातकिड्यासारखा बारीक. बाहेर जपानच्या उत्तर टोकाला, हाकोदातेच्या खाडीवर धुकं इतकं दाट, की आपल्याच जहाजाचं टोक दिसेना. आणि त्या धुक्याआड कुठेतरी नव्या सरकारची जहाजं उभी होती. तीही आपल्याच लोकांनी भरलेली.

दूर दक्षिणेकडच्या शिवाकू बेटांवरच्या खलाशाला हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. जहाजाची राखण करणारी देवी जहाज सोडायला निघाली की अशी किणकिणते.

खरं तर या जहाजावर देवी नव्हतीच मुळी. परदेशात बांधलेली आगबोट ती. गोऱ्यांना कुठली आलीय देवी! जुन्या राजवटीच्या शोगुनसाठी लढायला निघायचं ठरलं तेव्हा, देवीशिवाय चढणार नाही म्हणून शिवाकूचे खलाशी अडून बसले. तोमेझोचा बाप जहाजं बांधणारा सुतार. मग तोमेझोनेच डोलकाठीच्या बुंध्यात बोटभर भोक पाडलं. आत दोन फासे, कागदी बाहुल्यांचं जोडपं, थोडी नाणी आणि बाईच्या केसांची बट ठेवली, वर लाकडाचं बूच ठोकलं. केस ओशिनोचे, त्याच्या बायकोचे. देवीसकट जहाज बुडालं तर जिचे केस तीही जाते, असं बेटावर मानतात. ओशिनोला ते ठाऊक होतं. तरी तिने स्वतःच कात्री चालवली आणि म्हणाली, “आता तरी बुडताना दोनदा विचार करशील.”

तोमेझोने पटाशी काढली. तो बुंध्याशी पोचतो न पोचतो तोच कामेमात्सु आडवा आला.

“काय करतोयस?”

“माझ्या बायकोला सोडवतोय. हो बाजूला.”

“तिला काढलीस तर आम्ही कुणाच्या भरवशावर लढायचं? आम्ही काय दगडातून जन्मलोय?” एरवी सदा थट्टा करणारा हा माणूस आज बुंध्याला पाठ लावून उभा होता. “काढू नकोस दादा. पाया पडतो तुझ्या.”

एकीकडे ओशिनो, एकीकडे ही माणसं. वरून जहाजावरचे अधिकारी मोरिवाकी साहेब ओरडले, “किडा आहे तो! तोफांवर चला, धुकं फाटतंय!” तोमेझोने पटाशी कमरेला खोचली. त्या क्षणी त्याला स्वतःची किळस आली. आपण बायकोला विकली, असं वाटलं.

दुपारपर्यंत सगळं आटोपलं. इंजिनात गोळा घुसला आणि जहाज आपल्याच किल्ल्याखालच्या वाळूत रुतलं. कामेमात्सु तोफेशेजारी पडला होता, तोंड उघडं, जणू काहीतरी बोलायचं राहून गेलं. मोरिवाकी साहेब हातात पलिता घेऊन उभे राहिले. जहाज शत्रूच्या हाती द्यायचं नाही, असा हुकूम होता.

“तोमेझो, तू शेवटचा. उतर.”

“देवी काढायची राहिलीय, साहेब.”

सकाळी ‘किडा आहे’ म्हणणारे हेच साहेब. “लवकर ये,” ते म्हणाले आणि पलिता पाठीमागे धरला.

तोमेझोने बूच उपटलं आणि थबकला. त्याने बोटभर पाडलेलं भोक आत कुणीतरी कोरून मुठीएवढं केलं होतं. आणि ते केसांनी गच्च भरलेलं होतं. काळे, राठ, मऊ. एक बट तर पांढरीशुभ्र. साऱ्यांनी आपापल्या बाया गुपचूप आणून ठेवल्या होत्या. यातली ओशिनो कुठली? त्याने सगळंच ओरबाडून छातीशी कोंबलं आणि पाण्यात उडी घेतली.

कैदेतून सुटून तो बेटावर परतला, तेव्हा ओशिनो अंगणात मासे वाळत घालत होती. त्याला बघून ती मटकन खाली बसली. खाऱ्या पाण्याने त्या केसांची एकच गाठ झाली होती. तिने ती सुपात घेतली, तेल लावलं आणि फणीने हलके हलके सोडवत बसली. बातमी पसरली तशा बाया आल्या. सगळ्या जिवंत होत्या. कुणाचा नवरा परतला नव्हता, कुणाचा मुलगा.

कुठली बट कुणाची, हे कुणीच विचारलं नाही. ओशिनो देईल ती घेतली. कामेमात्सुच्या आईने मात्र पांढरी बट स्वतः उचलली.

“मी झोपले असताना कापून नेलीन,” ती म्हणाली. “लबाड मेला.”

ती पदोपदी थांबत उतारावरून निघून गेली. सूप रिकामं झालं.

“आणि तुझी?” तोमेझोने विचारलं.

“शेजारच्या बेटावरची ती शेवटची आली ना, तिच्यासाठी दुसरी उरलीच नव्हती.” ओशिनोने फणीतले तुटके केस काढले आणि सूप उन्हात पालथं घातलं.

खाली किनाऱ्यावर बाया एकामागे एक आपापल्या होड्यांकडे चालल्या होत्या. प्रत्येकीची एक मूठ मिटलेली होती.