अस्वलिणीचं पाणी

मला माहेर नव्हतं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या कोरीट गावच्या सुना गाड्या जोडून माहेरी निघाल्या, की मी घर राखायची. आमच्याकडं मात्र माझी नणंद तापीबाई यायची. मग बाकीच्या लेकी झोक्यावर, पुरुषमाणसं पत्त्यांवर आणि आम्ही दोघी मागच्या पडवीत, माझ्या खेळावर.

खेळ मीच रचलेला. नदीच्या गाळाची बोटभर माणसं, धड माणसाचं, डोकं जनावराचं. मगरमाणसं माझी, अस्वलमाणसं तिची. कोळशानं घरं आखायची, कवड्या टाकून चालायचं. चालता चालता मला वाटलं, यांना देवधर्म काहीच नाही, बिचारी नुसती चालतात. मग तोही केला. अस्वलांचे पूर्वज मोहाच्या झाडात राहतात, म्हणून पहिलं फूल त्यांनी वेचायचं नाही, मातीवर राहू द्यायचं. मगरींचे पूर्वज डोहाच्या तळाशी. त्यांच्यासमोर लबाडी केली की दात पडतो.

आणि मेलेल्याचा जीव? त्याला ज्यानं मारलं त्यानंच नाव घेऊन पाणी द्यायचं. दुसऱ्या कुणाचं पोचत नाही.

तापीबाई भांडली. "हाई कसं वं वहिनी? मारू बी मीच, आनि पानी बी मीच देऊ?"

"म्हनीसन तर मारापहिले इचार करशी."

"तुन्हा देव भलता वाकडा शे!"

पण तिला तो पटला असावा. त्यानंतर आमच्या खेळात कुणी मेलंच नाही. मारायची वेळ आली की ती हळूच एक कवडी उलटी करायची आणि मी छपराकडं बघायची. निघताना अर्धा डाव टोपलीखाली झाकायची. "हात लावू नको. मन्ही म्हतारी अस्वलीन तुन्ही मगरना तोंडसमोर शे, ध्यानमा ऱ्हाऊ दे."

एकसष्टच्या फाल्गुनात ती सासरी काविळीनं गेली. आम्हाला निरोप मिळाला तोवर राखही थंड झाली होती.

अखाजीला आमच्या ह्यांनी, हिंमतरावांनी, वारलेल्या आईवडिलांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरल्या. वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि नैवेद्याची सांजोरी. मी तापीबाईसाठी तिसरी घागर पुढं केली. त्यांनी ती बाजूला सारली.

"तापीबाईनी घागर तिना सासरले भराई ऱ्हायनी व्हई. लेकले माहेरनं पानी चालत नही."

"एक तांब्याबी नही?"

"मन्ही बहीण व्हती ती. माले तिले पानी देवानं वाटत नही का?" असं म्हणाले, टोपी घातली आणि पत्त्यांना गेले. जाताना उंबऱ्याला ठेचकाळले.

मी पडवीत येऊन टोपली उचलली. म्हातारी अस्वलीण तिथंच, माझ्या मगरीच्या तोंडासमोर. डाव माझा होता. मारायला सगळ्या कवड्या उताण्या हव्या. मी टाकल्या. एक पालथी पडली.

मी समोरच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि ती कवडी उताणी केली. मग मगर उचलून तिचा एक दात नखानं मोडला. नियम तो नियम.

अस्वलीण आडवी केली. आता मारणारी मी होते. मला कोण अडवणार?

तांब्या भरून आणला. अस्वलिणीला आम्ही नाव ठेवलंच नव्हतं. मी तापीबाईचं घेतलं आणि धार धरली.

कच्ची माती ती. आधी कान गेले, मग तोंड. मी तांब्या रिता होईस्तोवर ओतत राहिले.