जीव जयते

माझा धंदा दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा. पुण्याच्या एका प्रकाशनासाठी मी मुद्रितं तपासते. लग्न होऊन विदर्भात चांदूर रेल्वेला आले, तरी लॅपटॉपवर ते काम चालूच राहिलं. त्यामुळे माझ्या सासूबाईंचं, पार्वताबाईंचं, बोलणं ऐकताना पहिले सहा महिने माझे हात नुसते शिवशिवत असत.

त्यांच्याकडे ळ नाहीच. ळच्या जागी य. आणि जळणे या एका क्रियापदावर ही बाई अख्खा दिवस काढते. सकाळी, "रागिनी, आंगनातला लाइट काहून जयून राहिला?" म्हणजे चालू का ठेवलास. उन्हातून आल्या की पाय जयले. ठेचा तिखट झाला की तोंड जयलं. बरबटीवर, म्हणजे चवळीवर, रोग पडला, बरबटी जयली. शेजारची गंगूबाई तर आमच्या नव्या फ्रिजवर जयतेच. भाजणे, पोळणे, करपणे, होरपळणे असे एवढे शब्द पडलेले असताना! एकदा नवऱ्यापुढे मी ही सगळी तक्रार मांडली. किशोर टोमॅटोचे क्रेट गाडीत चढवत होता. म्हणाला, "तुले समजते ना? मंग झालं."

मला वाटायचं, समजतं.

गेल्या श्रावणात माझा तीन महिन्यांचा गर्भ पडला. अमरावतीच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा पार्वताबाईंनी माझं सगळं केलं. डोक्याला तेल लावलं, गरम पाणी काढून दिलं, मऊ भात भरवला. पण झाल्या गोष्टीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, यात कोणाची चूक नसते. चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईला हे कसं पटावं? गर्भ पडायच्या आदल्याच आठवड्यात मी हट्टानं किशोरबरोबर चिखलदऱ्याला जाऊन आले होते. "घाटाचा रस्ता हाये, राहू दे ना यंदा," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी ऐकलं नव्हतं. आता त्या मला दोष देतात का, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि विचारायची माझी छाती होत नव्हती.

पंधरा दिवसांनी ते आपोआप कळलं. दुपारची वेळ होती. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर मागच्या ओसरीत पार्वताबाई मेथी निवडत अकोल्याच्या बहिणीशी, गोदाबाईंशी, फोनवर बोलत होत्या.

"काय सांगू गोदे," त्या म्हणाल्या, "रागिनीपाई माहा जीव जयते."

माझ्यापायी यांचा जीव जळतो. वाक्यात संशयाला जागाच नव्हती. मी खोलीत जाऊन बॅग काढली आणि हाताला लागतील ते कपडे कोंबायला लागले. राग आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

थोड्या वेळानं पार्वताबाई दारात आल्या.

"हे काय वं? कुठी चालली?"

"पुण्याला. माझ्यापायी तुमचा जीव जळतो ना? मग मी इथे कशाला राहू? सरळ म्हणा ना एकदा, चिखलदऱ्याला गेले म्हणून झालं!"

त्या उंबरा ओलांडून आत आल्या.

"जयते ना," त्या म्हणाल्या. "जयन नाई त काय? तू जेवत नाई, झोपत नाई, त्या लॅपटॉपात डोये घालून बसते. पोरी, दुश्मनाले पाहून आंग जयते. जीव आपल्या मानसापाई जयते. तुमच्या पुन्यात नाई जयत का?"

मी खाटेवर बसले. खरं तर हसू यायला हवं होतं. आलं रडू, पंधरा दिवस दाबून ठेवलेलं. पार्वताबाईंनी बॅग बाजूला सरकवली आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यांच्या हातांना मेथीचा वास येत होता.

"चिखलदऱ्यानं काई होत नाई," त्या म्हणाल्या. "मी त मेली जलमात घाट चढली नाई."

मला पटकन उमजलं नाही. मी डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, आई?"

"तू बोलली नाई. मले वाटलं, पुन्याकडचे लोक असं बोलत नसतीन." मग मांडीवरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "मी बी कोनापाशी बोलली नाई. किशोरच्या आधी मले पोरगी झाली होती. नऊ दिवस राहिली. घरचे म्हने, इसरून जाय, दुसरं होईन. झालं बी दुसरं. पन इसरनं काई झालं नाई."

घाटाचं बोलणं मला आता उमजलं. किशोरनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. त्यालाही ते ठाऊक नव्हतं, हे मला नंतर कळलं. छत्तीस वर्षं ही बाई या घरात वावरत होती, आणि त्या बाळाचा उल्लेख कुणी केला नव्हता. मला त्यांची फार माया आली. मनात आलं तेच विचारलं.

"नाव काय होतं तिचं?"

"बारसं कुठी झालं वं तिचं."

"तरी. तुम्ही काय म्हणायचा?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. घरात आम्हा दोघींशिवाय कोणी नव्हतं.

"शकुन," त्या अगदी हळू म्हणाल्या. मग घसा खाकरून पुन्हा म्हणाल्या, या वेळी ओसरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "शकुन."