शिवणवाल्या बाईंचा प्रश्न

संस्थेच्या 'खुली खिडकी' या ऑनलाइन व्याख्यानमालेला जनतेचा प्रतिसाद उदंड होता, आणि तो सगळा निवेदक एकटा लिहीत असे.

सुरुवात नाइलाजाने झाली. पहिलं व्याख्यान संपल्यावर तो 'आता प्रश्नोत्तरं' म्हणाला आणि पुढची दोन मिनिटं पडद्यावर वक्त्याच्या भुवयांखेरीज काहीही हललं नाही. श्रोते अकरा. त्यातले सात संस्थेचेच, हजेरी लागते म्हणून आलेले. दुसऱ्या खेपेपासून निवेदक आदल्या रविवारी घरी बसून प्रश्न तयार करू लागला. 'एक निवृत्त टपाल कर्मचारी विचारतात...', 'एक बसचालक विचारतात...' नावं वाचायची नाहीत, खासगीपणाचा नियम. नियमही त्यानेच केलेला. बघता बघता टपालवाल्यांना धूमकेतूंनी झपाटलं, बसचालकाने एका जनुकशास्त्रज्ञाला घाम फोडला, आणि घरी शिवणकाम करणाऱ्या एक बाई तर असं नेमकं बोट ठेवत की वक्ते खुर्चीत सावरून बसत. संचालकांनी वार्षिक अहवालात लिहिलं, 'विज्ञान शेवटच्या माणसापर्यंत पोचले आहे.'

"तुमच्या त्या शिवणवाल्या बाईला जेवढं कळतं, तेवढं तुम्हाला घरात का कळत नाही हो?" बायको शाळेच्या वह्या तपासता तपासता विचारी. त्या बाईवर तिचा जरा रागच होता.

निवेदक अकरा वर्षं हंगामी होता. दरवर्षी त्याला एक दिवस कामावरून काढत आणि दुसऱ्या दिवशी घेत. तो एक दिवस तो गच्ची झाडण्यात घालवी. 'खुली खिडकी' ज्या खोलीतून चाले, तिची एकुलती खिडकी रस्त्याचा आवाज येतो म्हणून विटा लावून बुजवली होती.

विद्यार्थ्यांनी जिचं नाव 'बॉयलर मॅडम' पाडलं होतं, त्या मॅडम संस्थेत तंत्रज्ञानाचा इतिहास शिकवत. संस्थेच्या जिन्यात संस्थापकांचं भलंमोठं तैलचित्र होतं, हातात त्यांनी शोधलेली झडप. दाब वाढला की बॉयलरमधली वाफ आपोआप सोडणारी. मॅडमना जुन्या वर्कशॉपच्या कपाटात एक रजिस्टर सापडलं. त्यात त्याच झडपेचं रेखाचित्र होतं, पेटंटच्या दोन वर्षं आधीचं, आणि खाली एका फिटरची सही. मॅडमनी हे 'खुल्या खिडकी'त सरळ सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी त्यांचं व्याख्यान संकेतस्थळावरून गेलं, तांत्रिक अडचणीमुळे. सातव्या दिवशी वेळापत्रकातून मॅडम गेल्या. त्याचं कारण द्यायची कुणाला गरज वाटली नाही. त्यांनी विश्वस्तांकडे तक्रार केली, सुनावणीची तारीख लागली.

"निवेदकबुवा, पुढचं व्याख्यान 'विद्येचं स्वातंत्र्य' वर आहे म्हणे," त्या एकदा खोलीत डोकावून म्हणाल्या. "त्यात कुणीतरी विचारायला हवं रे, माझं व्याख्यान गेलं कुठे."

"विचारेल की कुणीतरी."

"कोण? मी स्टाफरूममध्ये पाय ठेवला की सगळ्यांना एकदम आपापले तास आठवतात. ज्यांना तास नाहीत त्यांनासुद्धा."

त्या गेल्यावर निवेदक बराच वेळ बुजवलेल्या खिडकीकडे बघत बसला.

व्याख्यान झकास झालं. पाहुण्या विद्वानांनी स्वातंत्र्याला तीनशे वर्षांतून फिरवून आणलं आणि आजच्या दाराशी आल्यावर आभार मानले. निवेदकाने टपालवाल्यांचा प्रश्न वाचला, बसचालकाचा वाचला. मग घसा साफ केला.

"घरी शिवणकाम करणाऱ्या एक बाई विचारतात : इथेच एका मॅडमनी सांगितलं होतं की ती झडप फिटरने केली. ते व्याख्यान आता दिसत नाही. माझ्याकडे कापड कुणाचं आणि शिवलं कुणी, याची मी चिठ्ठी लावते. तुमच्याकडे ती चिठ्ठी कुणी फाडली?"

"आवाज तुटतोय," विद्वान म्हणाले. आवाज अजिबात तुटत नव्हता. मग ते स्वतःच पडद्यावरून नाहीसे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन. "ऐकलंस ना? अरे तूच तर तो प्रश्न वाचलास! माझी विद्यार्थिनी नाही, नात्यातली नाही, एक परकी बाई! मला रात्रभर झोप नाही. तिचा पत्ता दे, मला भेटायचंय तिला."

"खासगीपणाचा नियम आहे, मॅडम."

"हो, खरंच. बिचारीला उगीच त्रास नको. पण आता सुनावणीला मी एकटी नाही जाणार, कळलं?"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण व्याख्यान गेल्यापासूनच्या चार महिन्यांत मॅडमचा आवाज त्याने असा ऐकला नव्हता, म्हणून उद्या सांगू असं त्याने ठरवलं. उद्या संचालकांनी बोलावलं.

"त्या बाईचा शोध घ्यायला चौकशी समिती नेमलीय," संचालक म्हणाले. "एकसदस्यीय. तुम्ही."

निवेदक खुर्चीतून उठू लागला.

"चहा घ्या. अहो, प्रश्न तुम्ही लिहिता हे मला तिसऱ्या व्याख्यानापासून माहीत आहे. 'वस्तुतः' म्हणणारा बसचालक मी तरी पाहिला नाही. म्हणून तर ठेवलंय तुम्हाला. दुसरा कुणी खरे प्रश्न घेत बसला असता."

"मग चौकशी कशाला, सर?"

"म्हणजे काय? बाई सापडली की तिला बदनामीची नोटीस जाणार. मी मॅडमना तसं कळवलंय. त्यांनी तक्रार मागे घेतली, दिलगिरी लिहून तुमच्याकडे दिली, तर चौकशी बंद."

"पण ती बाई तर..."

"ते मॅडमना कुठे माहीत आहे? सांगायचं असेल तर खुशाल सांगा. आपल्या बाजूने एकच माणूस उभं राहिलं आणि तेही तुम्ही रविवारी घरी तयार केलेलं, हे ऐकून बरं वाटेल त्यांना." त्यांनी कप बाजूला सारला. "तुमच्या कायम नेमणुकीची फाइल टेबलावरच आहे."

टेबलावर चहाच्या कपांखेरीज काही नव्हतं.

दोन दिवसांनी मॅडम आल्या. खुर्ची ओढून बसल्या. हातात टाइप केलेला कागद होता.

"वकील कुठून आणेल रे ती? दिवसभर मशीन मारणारी बाई. माझ्यापायी."

"मॅडम, ती..."

"ओळखतोस तू तिला?"

समोर दोनच वाटा होत्या. 'हो' म्हणणं खोटं होतं, आणि 'नाही' म्हणणं खरं होतं, पण मग अशी कुणी बाईच नाही हेही सांगावं लागलं असतं.

"थोडीफार," तो म्हणाला.

"कशी आहे?"

निवेदक चाळीस व्याख्यानांचा सराव असलेला माणूस. तोंडातून आपोआप गेलं, "दोन मुली आहेत. नवरा अंथरुणाला खिळून. घर तिच्यावरच."

मॅडमनी मान हलवली आणि पेन काढलं. रजिस्टरचा आपण चुकीचा अर्थ लावला, त्याबद्दल दिलगीर आहोत, तक्रार मागे घेत आहोत, या मजकुराखाली त्यांनी सही केली. तारीख घालताना हात थांबला, मग तीही घातली.

"वाटलं तर एकदा परत वाचा, मॅडम. घाई नाहीये," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्यालाच जेमतेम ऐकू आला.

"वाचून काय बदलणार आहे? घे, समितीकडेच द्यायचाय ना." त्या उठल्या. दाराशी वळून म्हणाल्या, "आणि हे बघ, मी सही केली हे तिला सांगू नकोस हं. मी लढतेय असंच वाटू दे तिला."

"नाही सांगणार," निवेदक म्हणाला, आणि अर्जाची पोच द्यायला खणात शिक्का शोधू लागला.